तेल आणि वायू उद्योगातील ड्रोन: शिकायचे काय, उडवणे की तपासणे?

फ्लेअरखालचा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सुट्टीवर कोल्हापूरला आलो होतो, तेव्हा मावसभावाच्या मुलाने माझ्यापुढे मोबाईलवरची एक जाहिरात धरली. पाच-सात दिवसांचा ड्रोन पायलटचा कोर्स, पन्नास हजारांच्या घरातली फी आणि शेवटच्या ओळीत "तेल कंपन्यांमध्ये लाखाचा पगार". मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमनगरात नोकरीला लागला आहे. "काका, करू का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. चहाचा कप संपेपर्यंत देता येईल असे त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. आपल्या भागातून आखातात आणि रिफायनऱ्यांच्या शटडाउनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या कामाला) जाणारी मुले पुष्कळ असल्यामुळे ते इतरांच्याही उपयोगी पडावे.

मी गेली सतरा वर्षे इन्स्पेक्शनच्या कामात आहे. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत व्हॉल्व्हच्या कास्टिंगवर अल्ट्रासॉनिक प्रोब, म्हणजे ध्वनिलहरींनी धातूची जाडी आणि आतले दोष तपासणारे उपकरण, फिरवण्यापासून सुरुवात झाली आणि पुढची बहुतेक वर्षे आखातातल्या प्रकल्पांवर गेली. ड्रोन आमच्या कामात आला तो फ्लेअरच्या निमित्ताने. फ्लेअर म्हणजे रिफायनरीत उंचावर जळत असलेली ती ज्योत, जिथे नको असलेला किंवा अचानक सोडावा लागणारा वायू जाळून टाकतात. तिचे टोक, म्हणजे फ्लेअर टिप, कायम आगीत असते. त्यामुळे ते वाकते, त्याला चिरा पडतात आणि मुख्य ज्योत पेटती ठेवणारे छोटे पायलट बर्नर विझतात. पूर्वी ते जवळून पाहायचे तर ज्योत बंद करावी लागे, आणि ज्योत बंद करायची म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली युनिटे थांबवावी लागत. म्हणून चार-पाच वर्षांतून एकदा शटडाउन आले की मगच क्रेन लावून किंवा दोरीवर माणसे चढवून तिची पाहणी होई, आणि तोवर टिप कोणत्या अवस्थेत आहे याचा अंदाज जमिनीवरून दुर्बिणीने बांधावा लागे. आता ज्योत जळत असतानाच ड्रोन वारा येतो त्या बाजूने, उष्णतेपासून अंतर राखून उभा करतात आणि झूमच्या व थर्मल कॅमेऱ्याने टिपचा बोल्ट न् बोल्ट पाहतात. सकाळी फोटो घेतले की दुपारी बैठकीत ठरवता येते की ही टिप पुढच्या शटडाउनपर्यंत तग धरेल, की आत्ताच नवी मागवून ठेवावी. ड्रोनची खरी कमाई या निर्णयात आहे, कारण अशी टिप बनवून मिळायला कित्येक महिने लागतात.

दुसरे काम टाक्यांच्या आतले. गोल पिंजऱ्यात बसवलेला, भिंतीला आपटला तरी न पडणारा ड्रोन स्वित्झर्लंडच्या फ्लायअ‍ॅबिलिटी कंपनीने आणला, आणि 24 इंची मॅनहोलमधून तो आत सोडता येतो. पोलादी टाकीत जीपीएस पोहोचत नाही आणि होकायंत्र भरकटते, त्यामुळे हे यंत्र कॅमेरा आणि लेसर यांच्या आधारे स्वतःची जागा ओळखते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा पंख्यांच्या वाऱ्याने तळाचा वाळलेला गंज उठला आणि पहिली दोन मिनिटे पडद्यावर चैत्र यात्रेतल्या जोतिबाच्या डोंगरासारखा नुसता तांबडा धुरळा दिसत होता. बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची, त्यातली दोन गुलालात गेली. धुरळा बसल्यावर पायलटने भिंतीवर समोरून उजेड टाकला, तर सगळे सपाट आणि स्वच्छ दिसले. शेजारी बसलेल्या वयस्क इन्स्पेक्टरने त्याला सांगितले की दिवा बाजूचा लाव आणि उजेड तिरका टाक. तसे करताच वेल्डच्या सांध्यालगत बोटाच्या पेराएवढ्या खड्ड्यांची ओळच्या ओळ सावल्यांसकट उमटली. पायलट अत्यंत कुशल होता, पण कोठे पाहायचे आणि कसे पाहायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

मुलाला द्यायचे माझे उत्तर त्या टाकीतच मिळाले आहे. आधी तपासणी शिकावी, उडवणे मागाहून शिकावे. सहमत नसणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

कायदा_पाहून

धागा उत्तम आहे. कोर्सबद्दल थोडी भर घालतो, कारण जाहिराती अर्धेच सांगतात.

25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार वजनावरून पाच वर्ग आहेत: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, 150 किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. कारखान्यांच्या पाहणीत वापरले जाणारे बहुतेक ड्रोन स्मॉल वर्गात मोडतात आणि त्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. ते मिळवायला वय 18 ते 65 च्या दरम्यान, शिक्षण दहावी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण एवढे पुरते. अट इतकी सोपी आहे, यातच धागाकर्त्यांच्या मुद्द्याला दुजोरा मिळतो. जे प्रमाणपत्र दहावी झालेल्या कोणालाही आठवड्याभरात मिळू शकते, त्याच्या जोरावर लाखाचा पगार मागता येत नाही.

कोर्स करून आपल्याच गावात सराव करू, असे मानणाऱ्यांनी नकाशा आधी उघडावा. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा 200 फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय काहीच चालत नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी एकमेकांना किती लागून आहेत हे येथील वाचकांना सांगायला नको. कारखान्याच्या छताचे फोटो काढून देतो म्हणून गोकुळ शिरगावात ड्रोन उडवणारे एक-दोघे मला माहीत आहेत. त्यांनी ते परवानगी घेऊन केले असावे, अशी आशा मी बाळगतो.

आणखी एक अडचण म्हणजे फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. परदेशात ज्या यंत्रावर हात बसला ते येथे मिळेलच असे नाही. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारख्या देशी उत्पादकांची यंत्रे येथे वापरली जातात आणि त्यांची सॉफ्टवेअर वेगळी असतात.

दोरीवरचा

फ्लेअरखालचा साहेब, आपण इन्स्पेक्टर आहात म्हणून आपल्याला हे सारे सुखाचे वाटते. मी रोप अ‍ॅक्सेसवाला आहे. म्हणजे दोरीवर लटकून उंचावरची कामे करतो. या कामाची प्रमाणपत्रे देणाऱ्या इराटा संघटनेची लेव्हल 1 घेतली, दोरीवर हजार तास भरेपर्यंत घाम गाळला, लेव्हल 2 झाली आणि हातात प्रमाणपत्र पडले त्याच वर्षी आमच्या ठेकेदाराचे कारखान्यांच्या उंच धुराड्यांच्या पाहणीचे काम ड्रोनवाल्यांना गेले. पूर्वी सहा जणांची टोळी आठ दिवस जे करत होती, ते दोन पोरे दीड दिवसात करून गेली. कोणाला दोष देत नाही, पण "ड्रोनमुळे धोक्याची कामे कमी झाली" असे जे सर्वत्र लिहिले जाते, त्यात त्या धोक्यावर कोणाचे तरी घर चालत होते हेही कोणी लिहावे, एवढेच म्हणणे आहे.

फ्लेअरखालचा

दादा, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. चांगले डोळे असलेल्या दोरीवरच्या माणसांकडून मी स्वतः खूप शिकलो आहे.

तरी एक गोष्ट निदर्शनास आणतो. ड्रोनने दाखवलेला खड्डा अर्ध्या मिलिमीटरचा आहे की तीन मिलिमीटरचा, हे फोटो सांगत नाही. पत्र्याची उरलेली जाडी मोजायला प्रोब टेकवावाच लागतो. आता प्रोब घेऊन भिंतीला टेकणारे ड्रोनही आले आहेत. ते मी पाहिलेही आहेत, पण त्यांना जेल लावून काही क्षण न हलता दाबून उभे राहावे लागते, पृष्ठभाग स्वच्छ असावा लागतो, आणि गंजाची खपली असली तर ती खरवडून काढायला त्यांच्याजवळ हात नसतो. इन्सुलेशनखाली चालणारा गंज तर बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यामुळे माझ्या पाहण्यात काम पूर्ण नाहीसे झाले नाही, त्याचे स्वरूप बदलले. पूर्वी सगळ्या स्तंभाला परांची बांधून मग दोष शोधत, आता दोष आधी शोधून नेमक्या त्या दहा फुटांसाठी दोरीवरचा माणूस बोलावतात. माणसाचे दिवस कमी होतात हे खरे, मात्र त्या दिवसांतले काम अधिक कौशल्याचे आणि अधिक दराचे असते. लेव्हल 2 बरोबर अल्ट्रासॉनिकची पात्रताही आपल्याकडे असेल तर ठेकेदार आपल्याला सहजासहजी वगळू शकणार नाही.

पंचगंगेकाठी

माझा प्रश्न वेगळा आहे. नैसर्गिक वायू डोळ्यांना दिसत नाही, मग ड्रोनला गळती कशी सापडते? वर्तमानपत्रात "ड्रोनने मिथेन शोधला" एवढेच लिहिलेले असते.

फ्लेअरखालचा

दोन मुख्य मार्ग आहेत. मिथेन अवरक्त प्रकाशातील साधारण 3.3 मायक्रोमीटरच्या लहरी शोषून घेतो. नेमक्या त्याच लहरींवर पाहणारा थंड केलेला कॅमेरा लावला, तर पडद्यावर वायू धुरासारखा वाहताना दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो चमत्कारच वाटतो, कारण डोळ्यांपुढे स्वच्छ निळे आकाश असते आणि पडद्यावर पाइपच्या सांध्यातून (फ्लँजमधून) काळा लोट निघत असतो. दुसरा मार्ग लेसरचा. लेसरची लहर मिथेनच्या शोषणरेषेवर जुळवून खाली सोडायची आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश किती कमी झाला ते मोजायचे. कॅमेरा जागा दाखवतो, पण ताशी किती किलो वायू जातो आहे हे काढायचे तर वाऱ्याचा वेग आणि दिशा ठाऊक असावी लागते, आणि अहवालांतले आकडे बहुधा तेथेच घसरतात.

एवढा आटापिटा का, तर 20 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता अडवतो. ब्रिटिश तेल कंपनी बीपीने 2019 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरून ड्रोन उडवून क्लेअर तेलक्षेत्राभोवती घिरट्या घालून मिथेन मोजला होता.

लाइनीवरचा

या धाग्यावर रिफायनरीच रिफायनरी चालली आहे म्हणून जमिनीखालच्या पाइपलाइनबद्दल लिहितो. मी गॅसच्या एका लाइनीवर सुपरवायझर आहे आणि माझ्या हाताखाली लाइनवॉकर आहेत. लाइनवॉकर म्हणजे रोज ठरलेला टप्पा पायी चालून लाइनीवर कोणी खोदकाम करत नाही ना, माती खचलेली नाही ना, कोठे बांधकाम उठत नाही ना, हे पाहणारा माणूस. 1962 च्या कायद्याने कंपनीला त्या पट्ट्याच्या वापराचा हक्क मिळतो, जमीन शेतकऱ्याचीच राहते, आणि पट्ट्यावर घर, विहीर किंवा झाड करता येत नाही. पीक मात्र घेता येते.

आणि आपल्याकडे पीक म्हणजे ऊस. वरिष्ठांनी आमच्या टप्प्यावर ड्रोनची चाचणी ठेवली तो महिना नेमका ऑक्टोबरचा होता. फड दहा-बारा फूट वाढलेला. ड्रोनने सुंदर चित्रे आणली, त्यांत हिरव्या गालिच्याखेरीज काही नव्हते. त्याच आठवड्यात आमच्या एका लाइनवॉकरला फडाच्या आत, लाइन दाखवणाऱ्या मार्करच्या खांबापासून चार पावलांवर, बोअरसाठी केलेली आखणी आणि फावडे सापडले. शेतकऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला लाइन नेमकी कोठून गेली याचा विसर पडला होता. लाइन जेमतेम मीटरभर खोल असते, बोअरच्या गाडीला ती किती वेळात लागली असती याचा विचार करावा. फावडे दिसले नाही, कारण ड्रोन वरून पाहतो. लाइनवॉकरला ते दिसले, कारण त्याचा त्या शेतकऱ्याशी रोजचा रामराम आहे आणि बोअरवाला येणार असल्याचे त्याने बांधावरच ऐकले होते.

तोडणी झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोच ड्रोन कामाचा आहे हेही प्रामाणिकपणे सांगतो. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठची माती किती वाहून गेली हे पाहायलाही तो उत्तम, कारण तेथे माणसाला चिखलातून जाता येत नाही. एकच यंत्र बारा महिने एकाच कामाला जुंपण्याचा हट्ट मात्र चुकीचा आहे.

कायदा_पाहून

लाइनीवरचा यांचा प्रतिसाद या धाग्याचे सार्थक करणारा आहे.

तेलचोरीच्या बाबतीत मात्र वरून पाहण्याचा फायदा मोठा आहे. इंडियन ऑइलने मथुरा-जालंधर वाहिनीच्या दिल्ली-पानिपत या सुमारे 120 किलोमीटरच्या टप्प्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली, ती प्रामुख्याने चोरट्यांसाठी. वाहिनीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवणारे लोक रात्री काम करतात आणि रात्री थर्मल कॅमेऱ्याला माणसाची ऊब शेतात दुरूनच दिसते. लांब वाहिन्यांसाठी खरी अडचण कायद्याची आहे, कारण पायलटच्या नजरेआड ड्रोन नेण्यास सरसकट मुभा नाही. नजरेच्या टप्प्यात राहूनच उडवायचे तर दर थोड्या अंतरावर गाडी थांबवत पुढे सरकावे लागते.

फ्लेअरखालचा

दोघांच्याही मुद्द्यांना जोडून एक अप्रिय आठवण. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावात वायुवाहिनी फुटून लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसे गेली. तो पाइप आतून गंजलेला होता, कारण कोरड्या वायूऐवजी पाण्याचा अंश असलेला वायू त्यातून वाहत होता. त्या वाहिनीवरून वर्षभर रोज ड्रोन उडवला असता, तरी आतला गंज त्याला दिसला नसता. त्यासाठी पाइपच्या आतून पिग नावाचे यंत्र सोडून पत्र्याची जाडी मोजावी लागते. वरिष्ठांच्या बैठकीत ड्रोनचे चकचकीत व्हिडिओ दाखवले जातात आणि पिगिंगचे बजेट पुढच्या वर्षावर ढकलले जाते, हे मी स्वतः बसून पाहिले आहे. व्हिडिओ पाहायला बरा वाटतो आणि पिगिंगच्या अहवालात कोष्टके असतात, त्याला कोण काय करणार.

रंकाळा_वारा

सुरक्षेबद्दल कोणीच काही लिहिलेले नाही. ड्रोनमध्ये लिथियम बॅटरी आणि ठिणगी उडू शकणाऱ्या मोटारी असतात. ज्वलनशील वायू असण्याची शक्यता असलेल्या जागी तो नेऊ कसा देतात?

फ्लेअरखालचा

प्रश्न अगदी नेमका आहे. बाजारातले बहुतेक ड्रोन स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित नसतात. म्हणून चालू प्लांटमध्ये त्यांना वेल्डिंगसारखेच हॉट वर्क (आग लागू शकेल असे काम) मानून परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, काढतात, गॅस टेस्ट करतात, कोणत्या युनिटवरून जायचे नाही ते आखून देतात आणि खाली रिकामी जागा राखतात. टाकीच्या आत सोडायचा तर ती आधी रिकामी करून, धुऊन, वायूमुक्त करावीच लागते. "माणूस आत जात नाही, मग गॅस टेस्ट कशाला" असे म्हणणारा पायलट मला भेटला आहे. त्याला त्या दिवशी परमिट मिळाले नाही.

आणि परमिट असूनही काय होते ते सांगतो. एका रिफायनरीत आमच्या ठेकेदाराचा ड्रोन पाइपरॅकच्या, म्हणजे पाइप वाहून नेणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या, बाजूने उतरत होता. दोन्हीकडे पोलाद, त्यामुळे होकायंत्र बिघडले. यंत्राला वाटले की आपण वाऱ्याने सरकत आहोत आणि ते सावरायला म्हणून तो थेट रॅकमध्ये शिरला. सहा किलोंचे ते धूड चाळीस फुटांवरून खाली वाफेच्या लाइनीच्या इन्सुलेशनवर आदळले. पत्रा चेपला, एक पंखा तीस पावलांवर सापडला, बॅटरी सुदैवाने फुटली नाही आणि खालचा भाग दोरी लावून मोकळा ठेवलेला असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. ती दोरी आदल्या दिवशी "उगाच रस्ता अडवता" म्हणून काढायला लावण्याचा आग्रह झाला होता. पुढचे तीन आठवडे त्या प्रकल्पावर एकही ड्रोन उडाला नाही, आणि मी तेवढे दिवस अहवाल लिहीत बसलो होतो.

पंचगंगेकाठी

अवांतर: बाहेरून येणाऱ्या ड्रोनचे काय? 14 सप्टेंबर 2019 रोजी सौदी अरेबियात अबकैक आणि खुरैस येथील तेलप्रकल्पांवर हल्ला झाला, तेव्हा दिवसाला सुमारे 57 लाख बॅरल उत्पादन थांबले होते, म्हणजे त्या देशाचे जवळजवळ निम्मे.

फ्लेअरखालचा

त्यानंतर आखातात आमचे कागद दुप्पट झाले, एवढे सांगतो. प्रत्येक उड्डाणाआधी सुरक्षा विभागाला वेळ, उंची आणि यंत्राचा क्रमांक कळवावा लागतो, कारण गेटवरच्या माणसाला आकाशातला ठिपका आपला की परका हे ओळखता येत नाही. याहून खोल जाणे मला योग्य वाटत नाही.

उद्यमनगरचा_डिप्लोमा

काका, मीच तो. बाबांनी धाग्याची लिंक पाठवली. सगळे वाचले. ड्रोनच्या कोर्सचे पैसे अजून भरलेले नाहीत. आमच्या शॉपमध्ये पंपाच्या केसिंगची कास्टिंग तपासायला बाहेरून एक लेव्हल 2 वाले सर (दोरीची नव्हे, अल्ट्रासॉनिक तपासणीची लेव्हल 2) येतात. आज त्यांना विचारले, तर म्हणाले की शनिवारी हाफ डे असतो तेव्हा थांब, प्रोब हातात देतो. पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारला: "जेल का लावतात?" मला उत्तर आले नाही.

फ्लेअरखालचा

प्रोब आणि धातू यांच्या मध्ये हवेचा पातळ थर राहिला तर आवाजाची लहर तेथूनच मागे फिरते, धातूत शिरतच नाही. जेल ती हवा हटवते. शनिवारी जाताना अंगठी आणि घड्याळ काढून जा, वही घेऊन जा आणि सरांना आधी कॅलिब्रेशन ब्लॉक, म्हणजे यंत्र जुळवून घ्यायचा ठाऊक मापाचा ठोकळा, दाखवायला सांग. प्रोब लगेच कास्टिंगवर ठेवू नकोस.

दोरीवरचा

त्या लेव्हल 2 वाल्या सरांची बॅच रविवारी असते का, तेवढे विचारून येथे कळवशील का? मी सध्या घरीच आहे.